गानसम्राज्ञी ॲडेलिना पॅटी

जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकण्याचे माझे वेड मंडळात सर्वांना ठाऊक आहे. त्याच वेडापायी ॲडेलिना पॅटी या थोर गायिकेशी माझी ओळख झाली.

त्यांचा जन्म १८४३ साली माद्रिद येथे, इटालियन गायक दांपत्याच्या पोटी झाला. बालपण न्यूयॉर्कला गेले. तेथेच १८५९ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्या ऑपेरात नायिका म्हणून उभ्या राहिल्या. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखाच प्रकार. मात्र त्यात संवादही बहुधा गाऊनच म्हणतात. १८६१ मध्ये लंडन जिंकले. पुढे अमेरिकेत एका प्रयोगाचे पाच हजार डॉलर त्या घेत, आणि तेही आगाऊ! लोक नावे ठेवीत. गळ्यावर पोट असलेल्या बाईने असेच पक्के असावे, असे मला वाटते. तीन विवाह झाले. वेल्समध्ये क्रेग-अ-नोस येथे मोठा वाडा घेऊन त्यांनी त्यात स्वतःचे नाट्यगृहही बांधले.

त्याच वाड्यावर १९०५ साली फ्रेड गायसबर्ग मुद्रणयंत्र घेऊन गेला. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरविणारा तो हाच. बाई तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या. मायक्रोफोन नव्हताच, कर्ण्यात तोंड घालून गायचे. आपला आवाज प्रथमच ऐकल्यावर हर्षभराने त्यांनी कर्ण्यालाच चुंबने दिली, अशी आठवण पियानोची साथ करणारे लँडन रोनाल्ड यांनी नोंदविली आहे.

या तबकड्या प्रथम ऐकणाराची निराशा होते. खरखर फार, श्वास तोकडा, ओळ मध्येच तुटते. शिवाय त्या काळच्या तबकड्यांचा वेग ठराविक नसे. सरसकट ७८ फेऱ्यांनी फिरविल्यास सूर चढतो, आवाज पोरकट लागतो आणि दोष मात्र गायिकेच्या माथी येतो. वेग नीट जुळवून मोझार्टचे 'व्हॉइ के सापेते' ऐकावे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्यांची लकब आपल्या मींडेची आठवण करून देते. आजच्या गायिका इतकी मोकळीक घेत नाहीत.

मला सर्वांत आवडते ते बेलिनीच्या 'ला सोन्नांबुला'तील झोपेत चालणाऱ्या अमिनाचे गाणे. कोमेजलेल्या फुलांकडे पाहून ती ते गाते. लंडनमध्ये १८६१ साली बाई प्रथम उभ्या राहिल्या त्या याच भूमिकेत, अठराव्या वर्षी. तबकडी १९०६ ची. आवाज थकलेला आहे, पण शब्द कोठे हळू टाकावा हे पंचेचाळीस वर्षांत पुरते मुरलेले आहे. १९१९ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या तरुणपणीच्या आवाजाची एकही तबकडी नाही.