डॉक्टर लूथर ह्यांचें घर व बाग

डॉक्टर मार्टिन लूथर ह्यांनीं पोपच्या सत्तेस विरोध केला व पवित्र शास्त्राचें जर्मन भाषेंत भाषांतर केलें, हें आपल्या मंडळ्यांस ठाऊकच आहे. परंतु विटेनबर्ग येथील त्यांच्या घरीं व बागेंत कसे दिवस जात, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

१५२५ च्या जून महिन्यांत त्यांनीं मठ सोडून आलेल्या काथरीनाबाईंशीं विवाह केला. संन्याशानें संसार थाटला म्हणून लोकांनीं पुष्कळ नांवें ठेविलीं. ज्या मठांत लूथर पूर्वीं राहत, त्याच इमारतींत हा संसार सुरू झाला. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं तेथें बाग लाविली व विहीर बांधविली. न्युरेंबर्गच्या मित्राकडून बियाणें मागविलें, आणि १५२७ च्या उन्हाळ्यांत खरबुजांचे व भोपळ्यांचे वेल पसरले तेव्हां तें त्यास आनंदानें कळविलें. ज्यांनीं स्वतः मळा केला आहे त्यांस हा आनंद समजावून सांगणें नको. शेती, गुरें व माशांचें तळें हीं मात्र काथरीनाबाईच पाहत; डॉक्टरांच्या हातीं पैसा टिकत नसे.

१५३० सालीं ऑग्जबर्ग येथें बादशाहाची सभा भरली. लूथर ह्यांस तेथें जाणें धोक्याचें होतें, म्हणून ते पांच महिन्यांहून अधिक काळ कोबुर्गच्या किल्ल्यांत राहिले. खिडकीबाहेर कावळ्यांचा कलकलाट चाले. येथेंही एक राजसभा भरली आहे, अशी थट्टा त्यांनीं पत्रांतून केली. वडील वारल्याची बातमी त्यांस तेथेंच कळली. वर्षाच्या मॅग्दालेनेचें चित्र पत्नीनें पाठविलें, तें त्यांनीं मेजासमोर भिंतीवर लाविलें. चार वर्षांच्या हान्सला त्यांनीं एका सुंदर बागेचें वर्णन लिहून पाठविलें. तींत चांगलीं मुलें सफरचंदें वेंचीत व लहान घोड्यांवर बसत.

१५३४ सालीं त्यांच्या चाकरानें पांखरें धरण्यासाठीं जाळें मांडिलें. तेव्हां लूथर ह्यांनीं पांखरांच्या वतीनें एक विनोदी अर्जच लिहिला: ह्यानें आमचें उडणें बंद करूं नये, उलट सायंकाळीं आम्हांस दाणे टाकावे!

१५४२ च्या सप्टेंबरांत मॅग्दालेना आजारी पडली. भावाची भेट व्हावी म्हणून टोरगाऊच्या शाळेंतून हान्सला गाडी पाठवून आणविलें. २० तारखेस, तेरा वर्षांची ती मुलगी पित्याच्या हातांत वारली. ती स्वर्गीय पित्याकडे गेली हें लूथर जाणत होते, तरी आम्हां उभयतांस रडल्याशिवाय आभार मानवत नाहींत, असें त्यांनीं मित्रास कळविलें. विश्वासणाऱ्यानें प्रेताजवळ रडूं नये असें आपल्यांतील कांहीं जण शोकाकुल घरीं जाऊन सांगतात. त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

हान्स शाळेंत परत गेला, पण त्याचें मन रमेना. तो घरीं येऊं पाहूं लागला. त्या डिसेंबरांत लूथर ह्यांनीं त्यास लिहिलें कीं, अश्रू आवरून अभ्यास कर. आजारी पडलास तरच ये.