हेंड्रिक्सच्या गिटारचा प्रतिध्वनी

पनवेल, ता. १७ - पनवेलहून पूर्वेला दिसणाऱ्या माथेरानच्या डोंगरावर ‘एको पॉइंट’ आहे. तेथे दिलेली हाक जशी गेली तशीच परत येते. हाक घोगरी, तर प्रतिध्वनीही घोगरा. इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या तरुणांना हमखास पडणाऱ्या एका प्रश्नाचे अर्धे उत्तर या डोंगरात आहे. डिस्टॉर्शन आणि डिले ही दोन्ही पेडल हाताशी असतील, तर आधी कोणते जोडायचे? उरलेले अर्धे उत्तर जिमी हेंड्रिक्सच्या ध्वनिमुद्रिकांत सापडते. या अमेरिकी गिटारवादकाचे १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये निधन झाले. तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता.

सिएटल शहरात २७ नोव्हेंबर १९४२ रोजी जन्मलेल्या जिमीचे बालपण ओढगस्तीत गेले. आई-वडील विभक्त झाले आणि १९५८ मध्ये आईचे निधन झाले. शाळेत असताना तो केरसुणी छातीशी धरून गिटार वाजविल्याचा आविर्भाव करी. पहिली गिटार मिळाली ती पाच डॉलरची, जुनी. तो डावखुरा होता. उजव्या हाताने वाजविणाऱ्यांसाठी बनविलेली गिटार उलटी धरून, तारा बदलून त्याने आयुष्यभर वाजविली. चोरीच्या मोटारीच्या प्रकरणात तुरुंग टाळण्यासाठी १९६१ मध्ये तो लष्करात भरती झाला, पण सुमारे वर्षभरानंतर बाहेर पडला. पुढची काही वर्षे इतरांच्या मागे उभे राहून साथ करण्यात गेली.

२४ सप्टेंबर १९६६ रोजी तो लंडनमध्ये उतरला आणि चित्र पालटले. ‘मार्शल’चे प्रचंड ॲम्प्लिफायर आणि ‘फझ फेस’ हे गोल पेडल यांतून त्याने फाटका, करकरीत आवाज काढला. एरवी दोष मानली जाणारी ही विकृती त्याच्या हाती स्वतंत्र वाद्य ठरली. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात वाह पेडल, त्यानंतर फझ, मग ‘युनी-व्हाइब’ आणि शेवटी ॲम्प्लिफायर, असा त्याचा क्रम होता. आवाज आधी फाडायचा, मग तो घोळवायचा.

प्रतिध्वनीचे काम मात्र मुख्यतः स्टुडिओत होई. फाटलेला आवाज मायक्रोफोनने टिपला जाई आणि त्यानंतर टेपयंत्रातून फिरविला जाई. टेपवर ध्वनी नोंदविणारे आणि वाचणारे शीर्ष यांच्यात अंतर असते. तेवढ्या विलंबाने स्वर पुन्हा उमटतो. बॉब डिलनच्या ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ या गीताच्या १९६८ मधील त्याच्या आवृत्तीत सोलो वादनामागे हा प्रतिध्वनी ऐकू येतो. मूळ स्वर खरखरीत, पण त्याच्या आवृत्त्या हळूहळू विरत जाणाऱ्या आणि एकमेकींपासून सुट्या.

डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर जोडले, तर नेमके हेच हरवते. डिस्टॉर्शन मोठा आवाज दाबते आणि लहान आवाज वर उचलते. त्यामुळे विरत जाणारा प्रतिध्वनी मूळ स्वराच्या बरोबरीने उभा राहतो आणि दोन स्वर एकमेकांत घुसून गोंगाट होतो. येथे एक ठेच अनेकांना लागते. विकृती पेडलमधून न घेता ॲम्प्लिफायरच्या प्रीॲम्पमधून घेतली असेल, तर पेडलांचा क्रम अचूक असूनही डिले विकृतीच्या आधीच येतो. अशा वेळी ॲम्प्लिफायरच्या मागील ‘इफेक्ट्स लूप’मध्ये डिले जोडावा. महागडे नवे पेडल घेण्यापूर्वी दोन वायरींची ही अदलाबदल करून पाहणे केव्हाही स्वस्त! अर्थात, नियम मोडणारेही आहेत. एडी व्हॅन हेलन टेप एको ॲम्प्लिफायरच्या आधी जोडत असे. पण प्रतिध्वनी अगदी मंद ठेवला, तरच हे साधते.

भाड्याच्या स्टुडिओंवर होणाऱ्या अफाट खर्चाला कंटाळून हेंड्रिक्सने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा ‘इलेक्ट्रिक लेडी’ स्टुडिओ उभारला. २६ ऑगस्ट १९७० रोजी त्याच्या उद्‌घाटनाचा सोहळा झाला आणि हेंड्रिक्स कार्यक्रमांसाठी इंग्लंडला रवाना झाला. झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने तीन आठवड्यांनी त्याचा मृत्यू झाला. त्या स्टुडिओत आजही ध्वनिमुद्रण होते. तो स्वतः तेथे परतला नाही.