लंडनची धुराडी साफ करणाऱ्या पोरांना कॅन्सर का होतो, हे एका सर्जननं २५० वर्षांपूर्वी ओळखलं होतं

मणक्याचा टीबी झालेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांच्या फाईलवर पॉट्स स्पाइन असे दोन शब्द तुम्ही वाचले असतील. आपल्याकडच्या सरकारी हॉस्पिटलांत हे नाव रोज घेतलं जातं. पण हा पॉट कोण, हे विचारलं तर बरेच जण गप्प बसतील.

त्यांचं पूर्ण नाव पर्सिव्हल पॉट. १८व्या शतकातले लंडनचे सर्जन. मणक्यामुळे त्यांचं नाव टिकलं खरं, पण त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम मणक्याचं नव्हतं. ते होतं धुराड्यातल्या काजळीचं.

आता धुराडं म्हणजे आपल्या किचनमध्ये गॅसच्या वर बसवलेली चिमणी नव्हे. थंड देशांत घर गरम ठेवायला शेगडी किंवा स्टोव्ह पेटवतात, त्याचा धूर छपरावर सोडणारी भिंतीतली लांबलचक पोकळी म्हणजे धुराडं. आज युरोप-अमेरिकेत राहणारी आपली माणसं पेलेट स्टोव्ह घेतात, तेव्हा त्यांना पहिला प्रश्न पडतो की याची चिमणी किती वेळा साफ करायची? पॉट यांच्या लंडनलाही हाच प्रश्न पडायचा. फरक इतकाच, की तेव्हा साफ करायला ब्रश नाही, तर पाच-सहा वर्षांचं पोर आत सोडलं जायचं.

तर गोष्ट सुरू होते १७१४ साली.

लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवर पॉट यांचा जन्म झाला. वडील कागदपत्रं करून देणारे नोटरी. ते गेले तेव्हा पोरगा जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. घरची परिस्थिती ओढाताणीची, पण आईचे एक नातेवाईक चर्चमध्ये मोठ्या पदावर होते. त्यांच्या आधारानं पोराचं शिक्षण झालं. त्यानंही चर्चमध्ये जावं असं घरच्यांना वाटत होतं, पण त्याच्या डोक्यात सर्जरीच होती.

१७२९ मध्ये सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमधल्या एडवर्ड नर्स या सर्जनच्या हाताखाली तो शिकाऊ म्हणून लागला. हा नर्स नीट लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यामुळेच पॉट यांचा पाय वाचणार आहे.

तेव्हा सर्जनला समाजात फारसा मान नव्हता. न्हावी आणि सर्जन यांची संघटनाच एक होती. पॉट यांना १७३६ मध्ये डिप्लोमा मिळाला तोही बार्बर-सर्जन कंपनीचाच. १७४५ मध्ये दोघे वेगळे झाले. १७४९ मध्ये पॉट बार्थोलोम्यूचे पूर्ण सर्जन झाले आणि १७८७ पर्यंत त्या पदावर राहिले.

भूल देण्याची सोय नसलेला तो काळ. जखमेवर तापलेली सळई टेकवणं, जाळणारी औषधं लावणं हे सर्रास चालायचं. पॉट यांनी हे प्रकार शक्य तितके कमी केले. पेशंटला उगाच दुखवायचं नाही, हा त्यांचा साधा हिशोब होता.

मग १७५६ मध्ये पेशंट होण्याची पाळी त्यांच्यावरच आली.

घोड्यावरून जाताना लंडन ब्रिजच्या दक्षिणेला केंट स्ट्रीटवर ते फेकले गेले. पायाचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. थंडीचे दिवस होते, रस्ता गारठलेला. लोक उचलायला धावले, तर पॉट यांनी कुणालाही हात लावू दिला नाही. मोडलेलं हाड हलवलं तर काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

त्यांनी तिथंच पडल्या पडल्या वेस्टमिन्स्टरला निरोप धाडला. तिथं खुर्चीच्या मेण्यातून माणसं वाहून नेणारे भोई असायचे. त्यांना दांड्यांसह बोलावलं. ते येईपर्यंत जमिनीवर पडूनच या माणसानं एका दरवाजाचा सौदा केला. दरवाजा विकत घेतला, त्याला दांड्या ठोकून घेतल्या आणि त्या घरगुती स्ट्रेचरवर पडून लंडन ब्रिज ओलांडून घर गाठलं.

घरी सर्जन मंडळी जमली. असं हाड बाहेर आलं की पाय कापायचा, हीच तेव्हाची रीत. पॉट यांनाही ते मान्य होतं. हत्यारं बाहेर काढली गेली. तेवढ्यात जुने गुरू एडवर्ड नर्स पोहोचले. त्यांनी पाय तपासला आणि हाड जागेवर बसतंय का ते आधी बघू, असं सुचवलं. हाड बसलं. पाय वाचला.

हा सगळा किस्सा पॉट यांचे जावई जेम्स अर्ल यांनी सासऱ्यांच्या चरित्रात लिहून ठेवलाय. घोट्याजवळच्या एका फ्रॅक्चरला पुढे पॉट्स फ्रॅक्चर असं नाव पडलं, म्हणून त्यांचं स्वतःचं फ्रॅक्चर तेच होतं असं नेटवर बऱ्याच ठिकाणी सापडतं. पण तसं मानायला आधार नाही. घोट्याच्या फ्रॅक्चरवर त्यांनी लिहिलं ते १७६८ मध्ये.

पण या सक्तीच्या विश्रांतीनं एक काम झालं. चाळिशी उलटलेले पॉट अंथरुणात पडून लिहायला लागले. हर्नियावरचं पुस्तक आलं, मग डोक्याच्या जखमा, फ्रॅक्चर, भगंदर अशी रांगच लागली. १७६४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. डिक्शनरीवाले सॅम्युअल जॉन्सनही त्यांचा सल्ला घ्यायचे.

थोडक्यात, बड्या लोकांचा सर्जन. तरीही त्यांच्या हॉस्पिटलच्या दारात गरीब पेशंट यायचेच. त्यातच काळवंडलेल्या कातडीची तरुण माणसं होती.

आता जरा त्या वेळच्या लंडनच्या घरात डोकावू.

शहर दगडी कोळशावर चालत होतं. कोळशाच्या धुराला अरुंद धुराडं लागतं, तरच तो नीट वर ओढला जातो. त्यामुळे नव्या घरांत ९ इंच बाय १४ इंच अशी धुराडी असायची, काही तर ९ बाय ९ इंचांची. शिवाय ती सरळ नसायची. दोन-तीन खोल्यांची धुराडी वळणं घेत एकाच ठिकाणी छपरावर निघायची.

कोळशाची काजळी चिकट असते. ती भिंतीला थरावर थर बसते, वाट आणखी अरुंद होते, धूर खोलीत परततो. आणि एखाद्या दिवशी ठिणगी लागून ती काजळीच पेट घेते. सगळं शहर एकमेकांना खेटलेलं. १६६६ च्या आगीची आठवण लोकांच्या मनात होतीच. त्यामुळे धुराडी वेळच्या वेळी साफ व्हायलाच हवीत, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

पण ९ इंचांच्या वळणदार पोकळीत शिरणार कोण? तर अनाथालयातली, नाहीतर गरिबाघरची पोरं. मालक त्यांना शिकाऊ म्हणून घ्यायचा. गुडघे आणि कोपरं भिंतीला रेटत, डोक्यावर ब्रश धरून पोरगं वर चढायचं. काजळी त्याच्याच अंगावर पडायची. धुराडं फारच अरुंद असलं की कपडे काढून चढवायचे. सुरुवातीला गुडघे-कोपरं सोलून निघायची, मग कातडी राठ व्हावी म्हणून आगीजवळ उभं करून त्यावर खारं पाणी चोळायचे. रात्री हीच पोरं काजळीच्या पोत्यांवर झोपायची, अंगावर पांघरूणही त्याच पोत्यांचं. ती काजळी फुकट जायची नाही बरं का, शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जायची.

धुराडं किती वेळा धुवायचं याचा हिशोब शहराकडे होता. धुराड्यातून बाहेर आलेल्या पोराची आंघोळ किती वेळा, हा हिशोब कुणीच ठेवत नव्हतं. बऱ्याच पोरांना महिनोन्महिने पाणी लागायचं नाही.

ही पोरं मोठी झाली की त्यातल्या काहींच्या अंडकोषाच्या पिशवीवर खालच्या बाजूला एक जखम दिसायची. कडा कडक, टणक. धुराडीवाल्यांमध्ये ती इतकी ओळखीची होती की त्यांनी तिला काजळीचा मस अशा अर्थाचं नावच ठेवलं होतं. डॉक्टरांना मात्र ती गुप्तरोगाची वाटायची. मग पारा द्यायचे. पारा पोटात जायचा, रोग वाढतच राहायचा, वर सरकत पोटापर्यंत जायचा, आणि माणूस भयंकर वेदनेत मरायचा.

पॉट यांनी १७७५ मध्ये एक पुस्तक काढलं. त्यात मोतीबिंदू होता, नाकातला मस होता, आणि मध्येच या जखमेवर काही मोजकी पानं होती. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. हा गुप्तरोग नाही, कॅन्सर आहे. याचं कारण त्या भागाच्या सुरकुत्यांत साठून राहणारी काजळी. पारा देऊन काही होणार नाही, लवकर लक्षात आलं तर तेवढा भाग कापून काढा, उशीर केला तर हातात काही राहत नाही.

त्याच पानांत त्यांनी या पोरांच्या आयुष्याबद्दलही लिहिलं. थंडी, उपासमार, कधी गरम असलेल्या धुराड्यात ढकललं जाणं, भाजणं, गुदमरणं, आणि एवढं सोसून वयात आल्यावर हा रोग. सर्जरीच्या पुस्तकात असा मजकूर फारसा सापडत नाही.

एखाद्या कामामुळे होणाऱ्या कॅन्सरचं हे पहिलं स्पष्ट वर्णन मानलं जातं. ना मायक्रोस्कोप, ना आकडेवारी. एकाच धंद्यातली माणसं एकाच जागी एकच जखम घेऊन येतात, एवढं बघून त्यांनी ते पकडलं.

पण इथं एक गोष्ट सांगायला हवी. पॉट यांनी या पोरांसाठी चळवळ वगैरे केली नाही. ते काम जोनास हॅनवे यांचं. लंडनच्या रस्त्यावर छत्री घेऊन फिरणारा पहिला पुरुष म्हणून हे गृहस्थ प्रसिद्ध आहेत, लोक त्यांना हसायचे. हॅनवे १७८६ मध्ये गेले आणि कायदा आला १७८८ मध्ये. आठ वर्षांखालचं पोर घ्यायचं नाही, एका मालकाकडे सहापेक्षा जास्त शिकाऊ नकोत, अशा अटी. तपासणारं मात्र कुणीच नव्हतं, त्यामुळे अटी कागदावर राहिल्या.

त्याच १७८८ च्या डिसेंबरमध्ये कडाक्याच्या थंडीत शहराबाहेरचा एक पेशंट बघायला पॉट गेले. तिथून ताप घेऊन आले आणि २२ डिसेंबरला वारले. म्हणजे कायदा त्यांनी बघितला, त्याचा उपयोग होताना काही बघितलं नाही.

मजेची नाही, पण चीड आणणारी गोष्ट पुढची आहे. १८०३ मध्येच जॉर्ज स्मार्ट यांनी जोडता येणाऱ्या लांब दांड्यांचा ब्रश बनवला होता. खाली उभं राहून धुराडं साफ करता येत होतं. तरी श्रीमंत घरांना पोरंच हवी होती, कारण ब्रशनं गालिचे खराब होतील आणि वळणातली काजळी नीट निघणार नाही म्हणे. १८४० च्या कायद्यानं २१ वर्षांखालच्यांना चढवायला बंदी घातली, तीही पाळली गेली नाही. गटारात माणूस उतरवायला आपल्याकडे २०१३ पासून कायद्यानं बंदी आहे, आणि तरीही बातम्या येतात, तसंच काहीसं.

१८७५ मध्ये केंब्रिजजवळ फुलबर्नच्या हॉस्पिटलचं धुराडं साफ करताना जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा आत अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढलं, पण तो वाचला नाही. मालकाला सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी धुराडीवाल्यांना पोलिसांचं लायसन्स बंधनकारक झालं आणि पोरं चढवणं खऱ्या अर्थानं थांबलं. पॉट यांनी लिहिल्यानंतर बरोबर १०० वर्षांनी.

काजळीत नक्की काय असतं, हे कळायला आणखी वेळ लागला. १८९२ मध्ये हेन्री बटलिन या सर्जननं शोध घेतला की हा कॅन्सर इंग्लंडमध्येच इतका का. तर युरोपातले धुराडीवाले अंगभर घट्ट कपडे घालायचे आणि रोज अंग धुवायचे. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानाला वारंवार डांबर लावून कॅन्सर करून दाखवला. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी कोळशाच्या डांबरातून बेंझोपायरीन हे रसायन वेगळं काढलं. आज जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था काजळीला माणसात कॅन्सर करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवते.

आणि धुराडं किती वेळा साफ करायचं? जर्मनीत इंधन आणि वापर बघून नियमच ठरवतात, सतत पेटणाऱ्या शेगडीला वर्षातून चार वेळापर्यंत. अमेरिकेत वर्षातून किमान एकदा तपासणी करा असं सांगितलं जातं. पेलेट स्टोव्हमध्ये दाबलेल्या भुशाच्या गोळ्या जळतात. त्यांची काजळी कमी, पण बारीक राख जास्त, आणि ती पाइपच्या वळणात साठते. म्हणून जळणाच्या भांड्यातली राख दर काही दिवसांनी काढायची आणि पाइप वर्षातून एकदा तरी, सीझन सुरू होण्याआधी, जाणकाराकडून साफ करून घ्यायचा. रोज पेटत असेल तर सीझनच्या मध्ये आणखी एकदा. काच लवकर काळी पडायला लागली किंवा ज्योत मंद पिवळी दिसायला लागली, तर तारखेची वाट बघू नका.

स्वतः करणार असाल तर स्टोव्ह पूर्ण थंड होऊ द्या, घरातला साधा व्हॅक्युम क्लीनर वापरू नका, बारीक राख त्यातून परत खोलीत येते. मास्क आणि हातमोजे घाला. आणि काम झालं की लगेच कपडे बदलून साबणानं आंघोळ करा.