एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग (१८ डिसेंबर, १८९०, न्यूयॉर्क – ३१ जानेवारी, १९५४, न्यूयॉर्क) हे अमेरिकन विद्युत अभियंते आणि संशोधक होते. पुनःप्रदाय मंडल (१९१२), सुपरहेटेरोडाइन ग्राही (१९१८), अतिपुनःप्रदाय मंडल (१९२२) आणि फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन म्हणजेच एफ.एम. प्रसारण पद्धती (१९३३) हे त्यांचे प्रमुख शोध होत. आजचे घरगुती रेडिओ तसेच हौशी रेडिओचालक घरी सुटे भाग जोडून तयार करतात ते ट्रान्सीव्हर संच बहुतांशी सुपरहेटेरोडाइन तत्त्वावरच चालतात. संचात उद्भवणाऱ्या दोषाचे मोजमाप करून त्याचे कारण शोधणे ही आर्मस्ट्राँग यांची कार्यपद्धती होती आणि त्यांचे बहुतेक शोध याच मार्गाने लागले. त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षे मात्र पेटंटविषयक खटल्यांत गेली.

बालपण आणि शिक्षण

आर्मस्ट्राँग यांचे वडील जॉन हे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत अधिकारी होते, तर आई एमिली या लग्नापूर्वी शिक्षिका होत्या. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांना कोरिया हा मज्जासंस्थेचा विकार झाला. त्यामुळे त्यांची शाळा काही काळ सुटली आणि मान व खांदा अचानक हलण्याची सवय आयुष्यभर राहिली. १९०२ साली हे कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स या गावी राहावयास गेले. मार्कोनी यांच्या कार्याविषयी वाचून एडविन यांना बिनतारी संदेशवहनाची ओढ लागली. घराच्या माळ्यावरील खोलीत त्यांनी आपले पहिले संच जोडले. दूरवरचे क्षीण संकेत ऐकू यावेत म्हणून त्यांनी १९१० च्या सुमारास घराच्या आवारात सुमारे १२५ फूट उंचीचा अँटेनाचा खांब स्वतः उभारला. उंच खांबांवर चढण्याचा हा छंद त्यांनी प्रौढपणीही सोडला नाही.

१९०९ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला. याँकर्सहून ते मोटारसायकलवरून विद्यापीठात जात. तेथे भौतिकशास्त्रज्ञ मायकेल प्युपिन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९१३ साली त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळविली.

पुनःप्रदाय मंडल

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये ऑडिऑन ही तीन अग्रांची निर्वात नलिका तयार केली होती. मात्र ती नेमकी कशी चालते याचे समाधानकारक स्पष्टीकरण तेव्हा उपलब्ध नव्हते. विद्यार्थी असतानाच आर्मस्ट्राँग यांनी या नलिकेची मोजमापे घेतली. नलिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहात मूळ रेडिओ वारंवारतेचा अंश शिल्लक असतो, असे त्यांच्या लक्षात आले. तो अंश पुन्हा नलिकेच्या आदान बाजूस सोडला असता तोच संकेत वारंवार वाढत जाऊन कित्येक पटींनी मोठा होतो, असे त्यांना १९१२ च्या अखेरीस आढळले. यालाच पुनःप्रदाय म्हणतात. कर्णध्वनीवर जेमतेम जाणवणारी दूरची केंद्रे आता खोलीभर ऐकू येऊ लागली.

पुनःप्रदाय एका मर्यादेपलीकडे वाढविला की संचातून फुसफुस आणि शिट्टीसारखा आवाज येत असे. इतरांच्या दृष्टीने हा संचाचा बिघाड होता. आर्मस्ट्राँग यांनी या आवाजाचाही अभ्यास केला आणि नलिका अशा वेळी स्वतःच रेडिओ लहरी निर्माण करीत असते, असे दाखवून दिले. म्हणजे एकाच मंडलातून विवर्धक आणि आंदोलक अशी दोन्ही कामे साधत होती. पुढील काळातील नलिकांचे प्रक्षेपक याच तत्त्वावर उभे राहिले.

पेटंटसाठी पैसे देण्याआधी मुलाने पदवी पूर्ण करावी, अशी वडिलांची अट होती. म्हणून आर्मस्ट्राँग यांनी ३१ जानेवारी, १९१३ रोजी मंडलाची आकृती नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. २९ ऑक्टोबर, १९१३ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ६ ऑक्टोबर, १९१४ रोजी ते मंजूर झाले.

पहिले महायुद्ध आणि सुपरहेटेरोडाइन ग्राही

अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर आर्मस्ट्राँग सैन्याच्या संदेशवहन विभागात कॅप्टन म्हणून दाखल झाले आणि पॅरिस येथील प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली. शत्रूचे उच्च वारंवारतेचे क्षीण संकेत ऐकणे ही तेथील मुख्य अडचण होती. तत्कालीन नलिकांच्या अंतर्गत धारितेमुळे अशा वारंवारतांवर पुरेसे विवर्धन होत नसे.

नलिकेला न झेपणाऱ्या वारंवारतेवर विवर्धन करण्याऐवजी आर्मस्ट्राँग यांनी संकेतच झेपेल अशा वारंवारतेवर आणला. ग्राहीतील स्थानिक आंदोलकाची लहर आलेल्या संकेतात मिसळली की दोहोंच्या फरकाइतकी नवी वारंवारता मिळते. तिला मध्यम वारंवारता म्हणतात. केंद्र कोणतेही असो, ही वारंवारता तीच राहते. त्यामुळे विवर्धन आणि गाळणी यांची सर्व रचना एकदाच नीट जुळवून ठेवता येते. दोन लहरी मिसळण्याचे हेटेरोडाइन तत्त्व रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी पूर्वीच मांडले होते. त्याचा असा उपयोग करणारा आठ नलिकांचा ग्राही आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये तयार केला. त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना ८ जून, १९२० रोजी मिळाले. परंतु फ्रान्सचे ल्युसिएँ लेव्ही यांच्यासह इतरांनीही याच कल्पनेवर हक्क सांगितला आणि पुढे त्या पेटंटमधील बहुतेक दावे आर्मस्ट्राँग यांच्या हातून गेले. युद्धाच्या अखेरीस ते मेजर झाले. फ्रान्सने १९१९ मध्ये त्यांना लिजन ऑफ ऑनर देऊन गौरविले.

हौशी रेडिओतील सहभाग

आर्मस्ट्राँग रेडिओ क्लब ऑफ अमेरिका या संस्थेचे सक्रिय सभासद होते. सुमारे २०० मीटर आणि त्याखालील लहरी दूरच्या संदेशवहनास निरुपयोगी मानल्या जात आणि हौशी चालकांना त्याच देण्यात आल्या होत्या. या लहरी अटलांटिक महासागर ओलांडू शकतात काय, हे पाहण्यासाठी डिसेंबर १९२१ मध्ये चाचण्या घेण्यात आल्या. क्लबच्या सभासदांनी कनेटिकट राज्यातील ग्रीनविच येथे १बीसीजी हे केंद्र उभारले; त्यांत आर्मस्ट्राँगही होते. पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे समुद्रकिनारी तंबू ठोकून या केंद्राचे संकेत ऐकले. त्यांच्याजवळ सुपरहेटेरोडाइन ग्राहीदेखील होता. या यशामुळे लघुलहरींकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

आर्थिक यश आणि विवाह

१९२० मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीने आर्मस्ट्राँग यांची पुनःप्रदाय आणि सुपरहेटेरोडाइन ही पेटंटे ३,३५,००० डॉलरला घेतली. १९२२ मध्ये त्यांनी अतिपुनःप्रदाय मंडल शोधले. त्याच्या मोबदल्यात रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका (आरसीए) या कंपनीने त्यांना रोख रकमेखेरीज आपले ६०,००० समभाग दिले. यामुळे ते कंपनीचे एक मोठे भागधारक बनले. आरसीएचे अधिकारी डेव्हिड सारनॉफ हे त्यांचे स्नेही होते. सारनॉफ यांच्या सचिव मॅरियन मॅकइनिस यांच्याशी आर्मस्ट्राँग यांचा १ डिसेंबर, १९२३ रोजी विवाह झाला. वधूला त्यांनी स्वतः तयार केलेला सुवाह्य सुपरहेटेरोडाइन रेडिओ भेट दिला.

डी फॉरेस्ट यांच्याशी खटला

पुनःप्रदायाचा शोध आपण आधी लावला, असा दावा डी फॉरेस्ट यांनी केला. त्यांचा मुख्य पुरावा ६ ऑगस्ट, १९१२ रोजीची प्रयोगवहीतील एक नोंद हा होता. टेलिफोनसाठीच्या विवर्धकातून आलेल्या शिट्टीचा तीत उल्लेख होता. त्या वेळी मात्र ही शिट्टी टाळण्याजोगा दोष समजून बाजूला ठेवण्यात आली होती. दोष प्रथम कोणाला आढळला यापेक्षा तो कोणाला उलगडला हे महत्त्वाचे, असे बहुसंख्य अभियंत्यांचे मत होते. आरंभी निकाल आर्मस्ट्राँग यांच्या बाजूने लागला. पुढे १९२८ मध्ये आणि पुन्हा २१ मे, १९३४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांचा हक्क मान्य केला. १९३४ च्या निकालपत्रातील तांत्रिक विवेचन चुकीचे असल्याची टीका झाली.

इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्स या संस्थेने याच शोधासाठी आर्मस्ट्राँग यांना आपले पहिले सन्मानपदक दिले होते. निकालानंतर फिलाडेल्फिया येथील अधिवेशनात ते पदक परत करण्यासाठी ते उभे राहिले. संस्थेने ते परत घेण्यास नकार दिला आणि त्यांचा सन्मान पुन्हा जाहीर केला.

एफ.एम. प्रसारण

विजा आणि विद्युत उपकरणे यांमुळे रेडिओत येणारी खरखर हा तत्कालीन प्रसारणाचा सर्वांत मोठा दोष होता. रूढ पद्धतीत आवाजानुसार लहरीचा परमप्रसर, म्हणजे तिची उंची, बदलत असे. खरखरदेखील उंचीवरच परिणाम करीत असल्याने ती वेगळी काढता येत नसे. वारंवारता बदलून आवाज पाठविण्याची कल्पना जुनी होती. परंतु जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये गणिताच्या आधारे ती निरुपयोगी ठरविली होती. त्यांचा विचार अरुंद पट्ट्यापुरता होता. आर्मस्ट्राँग यांनी याउलट पट्टा रुंद केला आणि ग्राहीत परमप्रसराचे चढउतार कापून टाकणारा मर्यादक बसविला. त्यामुळे खरखर जवळजवळ नाहीशी झाली. २६ डिसेंबर, १९३३ रोजी या पद्धतीची पेटंटे मंजूर झाली.

१९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवरील आरसीएच्या प्रक्षेपकावरून यशस्वी चाचण्या झाल्या. आरसीएचे लक्ष मात्र दूरचित्रवाणीकडे होते. पुढील वर्षी आर्मस्ट्राँग यांना तेथून आपली उपकरणे हलविण्यास सांगण्यात आले. ५ नोव्हेंबर, १९३५ रोजी त्यांनी अभियंत्यांच्या सभेत एफ.एम.चे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्यासाठीचे प्रक्षेपण हौशी रेडिओचालक रँडॉल्फ रनियन यांच्या याँकर्स येथील डब्ल्यू२एजी या घरगुती केंद्रावरून झाले. पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद फाडल्याचा आवाजही श्रोत्यांना स्पष्ट ऐकू आला.

त्यानंतर आर्मस्ट्राँग यांनी स्वखर्चाने न्यू जर्सीतील अल्पाइन येथे सुमारे ४०० फूट उंचीचा मनोरा आणि डब्ल्यू२एक्सएमएन हे केंद्र उभारले. १ जानेवारी, १९४१ पासून ४२ ते ५० मेगाहर्ट्झ पट्ट्यात व्यावसायिक एफ.एम. प्रसारणास परवानगी मिळाली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आपली पेटंटे अमेरिकन सैन्यास विनामूल्य वापरू दिली. १९४५ मध्ये सरकारी नियामक आयोगाने एफ.एम.चा पट्टा ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेला. परिणामी तोवर विकले गेलेले ग्राही आणि उभारलेली केंद्रे एकाच निर्णयाने कालबाह्य झाली.

अखेरचे दिवस

आरसीए आणि तिची सहकंपनी एनबीसी यांनी आपली एफ.एम. पेटंटे वापरल्याबद्दल आर्मस्ट्राँग यांनी जुलै १९४८ मध्ये दावा दाखल केला. साक्षीपुरावे वर्षानुवर्षे लांबले, दरम्यान पेटंटांची मुदत संपली आणि खर्चामुळे त्यांची संपत्ती आटली. अखेरीस पत्नीशीही वितुष्ट येऊन त्या घर सोडून गेल्या. ३१ जानेवारी, १९५४ रोजी रात्री आर्मस्ट्राँग यांनी न्यूयॉर्क येथील राहत्या घरी आत्महत्या केली.

मॅरियन यांनी खटले पुढे चालविले. त्याच वर्षाच्या अखेरीस आरसीएने दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन तडजोड केली. मोटोरोला कंपनीविरुद्धचा शेवटचा खटला १९६७ मध्ये मॅरियन यांच्या बाजूने संपला आणि एफ.एम.चे जनकत्व निर्विवादपणे आर्मस्ट्राँग यांच्याकडे आले.

गृहनिर्मित संचांवरील प्रभाव

सुपरहेटेरोडाइन रचनेत प्रत्येक टप्प्याचे काम ठरलेले असते. त्यामुळे घरी जोडलेल्या संचातील दोष टप्प्याटप्प्याने शोधता येतो. तपासणी सामान्यतः स्पीकरकडून अँटेनाच्या दिशेने केली जाते. आवाज-नियंत्रकाच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकविल्यावर गुणगुण ऐकू आली तर ध्वनी विवर्धक ठीक समजतात. मग मध्यम वारंवारतेचा संकेत देऊन पुढचा टप्पा पाहतात. स्थानिक आंदोलक चालू आहे की नाही हे त्याच्या वारंवारतेवर दुसरा रेडिओ लावून कळते. आंदोलक बंद असेल तर ध्वनी विवर्धकाची हलकी फुसफुस येते, पण एकही केंद्र लागत नाही. वेटोळ्याच्या तारेवरील एनॅमल टोकांशी नीट न खरवडणे हे अशा संचांतील बिघाडाचे नेहमीचे कारण आहे.

हैदराबादचे अशहर फरहान यांनी आखलेला बिटेक्स हा भारतीय हौशी चालकांत लोकप्रिय असलेला ट्रान्सीव्हरही सुपरहेटेरोडाइन आहे. त्यात ग्रहण आणि प्रक्षेपण या दोन्ही वेळी संकेत त्याच स्फटिक गाळणीतून, पण उलट दिशांनी जातो. ग्रहण आणि प्रक्षेपण दोन्ही बंद पडले तर दोष प्रथम वीजपुरवठा, गाळणी किंवा आंदोलक अशा सामाईक भागात शोधतात. एकच बंद पडले तर त्या दिशेच्या विवर्धकांकडे वळतात. विवर्धकाचे प्रदान आणि आदान जवळ आल्याने किंवा भूसंपर्क कच्चा राहिल्याने संच शिट्टी देऊ लागतो. आर्मस्ट्राँग यांनी १९१२ मध्ये उलगडलेला पुनःप्रदाय तो हाच. येथे तो नकळत घडलेला असतो.

सन्मान

आर्मस्ट्राँग यांना १९४१ मध्ये फ्रँकलिन पदक आणि १९४२ मध्ये एडिसन पदक मिळाले. १९३४ पासून अखेरपर्यंत ते कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. मृत्यूनंतर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने विद्युत क्षेत्रातील थोर व्यक्तींच्या यादीत त्यांचा समावेश केला. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांची निवड झाली आणि १९८३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले. भारतात आकाशवाणीने १९७७ मध्ये मद्रास येथून एफ.एम. प्रसारणास सुरुवात केली.