थोरो : तळ्याकाठचा रहिवासी आणि जंगलाचा मोजणीदार

पशुपक्ष्यांवर व निसर्गावर प्रेम करणाऱ्या वाचकाने काय वाचावे, असा प्रश्न निघाला की हेन्री डेव्हिड थोरोच्या ‘वॉल्डन’चे नाव हटकून घेतले जाते. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने ते मराठीत आणल्यामुळे आपल्याकडे हा ग्रंथ परका राहिलेला नाही. मात्र ग्रंथाबरोबर ग्रंथकाराची एक प्रतिमाही आपण पत्करली आहे : संसार टाकून अरण्यात गेलेला ऋषी. थोरोच्या चरित्राशी ताडून पाहता ही प्रतिमा अपुरी ठरते. शिवाय तिच्यामुळे त्याचे उत्तरायुष्यातील, माझ्या मते अधिक मोलाचे, लेखन नजरेआड होते.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कॉर्ड या गावी झाला. वडिलांचा शिसपेन्सिली बनवण्याचा कारखाना होता. १८३७ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन तो गावी परतला, त्याच वर्षी इमर्सनच्या सहवासात आला आणि ऑक्टोबरात त्याने रोजनिशी लिहावयास घेतली. पुढे जॉन या थोरल्या भावासह त्याने शाळा चालवली. १८४२ च्या जानेवारीत वस्तऱ्याच्या क्षुल्लक जखमेतून धनुर्वात होऊन जॉन हेन्रीच्याच हातांत मरण पावला. वॉल्डनकाठी लिहावयाचा म्हणून जो ग्रंथ थोरोने मनाशी योजला होता तो ‘वॉल्डन’ नव्हे. दोघा भावांनी १८३९ मध्ये केलेल्या नौकाप्रवासाचा तो वृत्तान्त होता. एकांतवासामागे असे एक श्राद्ध होते.

दुसरी घटना अधिक अवघड आहे. १८४४ च्या एप्रिलअखेरीस नदीकाठी मासे भाजताना थोरो व त्याचा एक सोबती यांच्या हातून वणवा लागला आणि शंभर एकरांहून अधिक जंगल जळाले. गावकऱ्यांनी ते दीर्घकाळ विसरले नाही. रोजनिशीत या प्रसंगाची सविस्तर नोंद येते ती सहा वर्षांनी, १८५० मध्ये. तीतही पश्चात्ताप, स्वसमर्थन आणि आगीच्या दृश्याची भूल यांची सरमिसळ आहे. ‘वॉल्डन’मध्ये या वणव्याचा उल्लेख ओझरता, एका वाक्यापुरता येतो. निसर्गाचा पुजारी म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याच्याच हातून रान जळाले होते, हे ध्यानात ठेवून तो ग्रंथ वाचला पाहिजे.

४ जुलै १८४५ रोजी थोरो इमर्सनच्या मालकीच्या जागेत, स्वतः बांधलेल्या दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब खोपटात राहावयास गेला. आईवडिलांचे घर पायी जाण्याच्या अंतरावर होते आणि तेथे त्याचे जाणेयेणे असे. खोपटाचा खर्च त्याने अर्ध्या सेंटपर्यंत मांडला आहे : २८ डॉलर साडेबारा सेंट. तळ्याला तळच नाही, ही लोकसमजूत त्याने गोठलेल्या पृष्ठभागावरून दोरी व दगड सोडून खोडून काढली. सर्वाधिक खोली १०२ फूट भरली. कामगारांनी याच तळ्याचा बर्फ कापला तेव्हा मद्रास, मुंबई व कलकत्त्याचे रहिवासी आपल्या विहिरीचे पाणी पितील, अशी कल्पना त्याने केली. (गीतेच्या संदर्भात हा भाग नेहमी सांगितला जातो, त्या बर्फाचा बराचसा भाग पुढे जागीच वितळून तळ्यात परतला, हेही थोरोनेच नोंदवले आहे.) डोईपट्टी न भरल्याबद्दल झालेला एका रात्रीचा तुरुंगवास १८४६ च्या जुलैतला. त्यातून जन्मलेल्या निबंधाची कथा गांधीजींच्या वाचकांस ठाऊक आहे. ६ सप्टेंबर १८४७ रोजी त्याने तळे सोडले.

‘वॉल्डन’ प्रसिद्ध झाले ते १८५४ मध्ये, सात खर्ड्यांनंतर. दोन वर्षांचा वास त्यात एका वर्षात गोळा केलेला आहे. ग्रंथाचे रूप ऋतुचक्राचे आहे. आधीचे पुस्तक, म्हणजे तो नौकाप्रवास, पुरते अपयशी ठरले होते. छापलेल्या हजार प्रतींपैकी ७०६ प्रती १८५३ मध्ये प्रकाशकाने परत धाडल्या व त्या त्याने स्वतः माडीवर वाहून नेल्या.

पोट भरावयाचे तर पेन्सिलींचा कारखाना आणि जमीनमोजणी ही दोन साधने होती. दुसऱ्या साधनात त्याच्या आयुष्यातला खरा पेच आहे. जंगलाचे तुकडे मोजून द्यावयाचे, मालकाने ते विकावयाचे आणि मग तेथे कुऱ्हाड चालावयाची. वॉल्डनभोवतीच्या रानाची मोजणीही त्याने केली. ही सल रोजनिशीत जागोजागी आढळते. मात्र याच कामाने त्याला प्रत्येक रानाचा कोपरा अन् कोपरा ठाऊक झाला, आणि तोडलेल्या पाइनच्या जागी बलूत का उगवतो, या शेतकऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर तो देऊ शकला : खारी व पक्षी बिया वाहून नेतात आणि पुरतात. हे व्याख्यान त्याने १८६० च्या सप्टेंबरात शेतकीमेळाव्यात दिले. त्याच वर्षी त्याने डार्विन वाचला होता.

प्राण्यांबाबतही त्याची दृष्टी बदलत गेली. १८४७ मध्ये हार्वर्डच्या अगासीझसाठी मासे व कासवे पकडून पाठवणारा थोरो १८५३ मध्ये मेनच्या अरण्यात मूसची शिकार पाहून व्यथित झाला. त्या प्रवासावरील लेख १८५८ मध्ये छापताना संपादक लोवेलने पाइन वृक्षालाही अमरत्व असावे अशा आशयाचे वाक्य न विचारता गाळले. थोरोने खरमरीत पत्र लिहिले आणि लोवेल संपादक असेपर्यंत त्या मासिकाला लेख दिला नाही.

१८५० नंतरची रोजनिशी हे त्याचे मुख्य लेखन, असे माझे मत आहे. कोणते फूल कोणत्या दिवशी उमलले, पक्षी केव्हा आले, नदीचे पाणी किती चढले, हे तो वर्षानुवर्षे टिपत होता. कवीचा कारकून झाला, असे काही समीक्षकांस वाटले. इमर्सननेही मृत्युलेखात महत्त्वाकांक्षेच्या अभावाची खंत केली. परंतु १८५२ ते १८५८ या काळातील फुलांच्या नोंदी बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांनी आजच्या नोंदींशी ताडल्या, तेव्हा कॉन्कॉर्डची झाडे सरासरीने सुमारे आठवडाभर आधी फुलू लागल्याचे २००८ मध्ये मांडले गेले. हवामानबदलाचा असा पुरावा ‘वॉल्डन’च्या अलंकृत पानांतून मिळाला नसता. म्हणून विद्यार्थ्याने ‘वॉल्डन’नंतर थेट रोजनिशीचा एखादा वसंत घ्यावा आणि तो दुर्गाबाईंच्या ‘ऋतुचक्रा’शेजारी ठेवून वाचावा. निरीक्षण ललितगद्यात केव्हा रूपांतरित होते आणि केव्हा होऊ नये, हे दोन्ही त्यात दिसेल.

१८६० च्या डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत झाडांच्या खोडांवरील वलये मोजताना त्याला सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि जुना क्षय बळावला. हवापालटासाठी मिनेसोटाची सफर केली, तिचा उपयोग झाला नाही. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला. रोजनिशी चौदा खंडांत १९०६ साली छापली गेली. बियांच्या प्रसारावरचे अपुरे हस्तलिखित मात्र १९९३ पर्यंत पुस्तकरूपाने आलेच नाही.