खासदाराने शिफारसपत्रात नाव चुकवलं, तेच नाव घेऊन तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला

आपल्याकडे एनडीएत जायचं असेल तर काय करावं लागतं? आधी यूपीएससीची लेखी परीक्षा, मग एसएसबीची मुलाखत आणि मग मेडिकल. खडकवासल्याच्या गेटमधून आत जायला कुठल्या खासदाराचं पत्र चालत नाही.

अमेरिकेत मात्र ते पत्र लागतंच. तिथं वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचं तर मार्क पाहिजेत, मैदान पाहिजे, मेडिकल पाहिजे आणि या सगळ्यासोबत कुणीतरी तुमचं नाव सुचवलेलं पाहिजे. बहुतेक मुलांची नावं त्यांच्या भागाचे खासदार सुचवतात. याला नॉमिनेशन म्हणतात. लष्कराचे अधिकारी देशाच्या एकाच कोपऱ्यातून येऊ नयेत, सगळ्या भागांना वाटा मिळावा, हा त्यामागचा हेतू.

पण शिफारस आली की ओळख आली, राजकारण आलं आणि नशीबही आलं. हे तिन्ही एकाच माणसाच्या बाबतीत कसं घडलं, त्याची ही गोष्ट. तो माणूस म्हणजे युलिसिस ग्रँट.

२७ एप्रिल १८२२ ला ओहायो राज्यात त्याचा जन्म झाला. पाळण्यातलं नाव हायरम युलिसिस ग्रँट. वडील जेसी यांचा जॉर्जटाऊन नावाच्या गावात कातडी कमावण्याचा धंदा होता. धंदा बरा चालायचा, पण पोराला त्या रक्ताचा आणि वासाचा मनापासून तिटकारा. त्याचा जीव घोड्यांत. गावातला कुठलाही अडेल घोडा त्याच्याकडे आणून सोडा, तो वठणीवर आणायचा. बाकी पोरगा अबोल होता. इतका, की गावातली पोरं युलिसिसचं युसलेस करून त्याला चिडवायची.

जेसींना मात्र पोराला शिकवायचं होतं. वेस्ट पॉइंटमध्ये शिक्षण फुकट, वर सरकार पगारही देणार. हिशेबी बापाला यापेक्षा काय पाहिजे?

अडचण जागेची होती. तेव्हा साधारणपणे एका मतदारसंघाचा एकच मुलगा अकादमीत असायचा. त्यांच्या भागाची जागा शेजारच्या डॉक्टरच्या मुलाकडे होती. पण तो तिथं टिकला नाही आणि जागा रिकामी झाली. ही बातमी जेसींच्या कानावर आली.

आता गाठ होती खासदार थॉमस हेमर यांच्याशी. हेमर आणि जेसी एकेकाळचे जिगरी दोस्त. पण राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या बँकेबद्दलच्या धोरणावरून दोघांत जुंपली आणि बोलणंच बंद झालं. म्हणून जेसींनी आधी हेमरना टाळून सिनेटर थॉमस मॉरिस यांना पत्र टाकलं. मॉरिस यांनी कळवलं, जागा हेमर यांच्या अखत्यारीत आहे, त्यांनाच विचारा.

जेसींनी मान गिळली आणि जुन्या मित्राला पत्र लिहिलं. हेमर यांची मुदत मार्च १८३९ च्या सुरुवातीला संपत होती. पत्र पोहोचलं तेव्हा त्यांच्या हातात जेमतेम वेळ उरला होता. ते भांडण उकरून काढू शकले असते, पत्र बाजूला ठेवूनही देऊ शकले असते. त्यांनी जाता जाता युद्धखात्याकडे मुलाचं नाव पाठवून दिलं.

घोळ झाला तो इथंच.

गावात त्या मुलाला सगळे युलिसिस म्हणायचे. हायरम हे पहिलं नाव हेमर यांच्या डोक्यातच आलं नाही. मधलं नाव आईच्या माहेरचं, म्हणजे सिम्पसन असेल असं धरून त्यांनी लिहून टाकलं, युलिसिस एस. ग्रँट.

या सगळ्यात ज्याला अकादमीत जायचं होतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सिनेटरचं पत्र आलं तेव्हा कुठे त्याला कळलं की वडिलांनी परस्पर अर्ज केलाय. तो जाणार नाही म्हणाला. वडिलांनी जाशील असं सांगितलं आणि विषय संपला. त्याला सैनिक व्हायचं नव्हतं. आपण प्रवेश परीक्षेत नापास होऊन परत येऊ आणि गावात हसं होईल, ही भीती वेगळीच.

त्यातच नव्या ट्रंकेवर नावाची आद्याक्षरं ठोकायची वेळ आली. हायरम युलिसिस ग्रँटची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की शब्द होतो हग, म्हणजे मिठी. कॅडेट चिडवून जीव घेतील म्हणून त्याने नाव उलटं केलं, युलिसिस हायरम. मे १८३९ मध्ये अकादमीत पोहोचल्यावर त्याने सहीही तशीच केली. तर तिथं कळलं, या नावाच्या मुलासाठी जागाच नाही. जागा आहे ती युलिसिस एस. ग्रँटसाठी.

सरकारी कागदावरचं नाव बदलायचं म्हणजे काय व्याप असतो, हे शाळेच्या दाखल्यावर नाव चुकलेल्या कुणालाही विचारा. सतरा वर्षांच्या पोराने हार मानली आणि कागदावरचं नाव स्वीकारलं. यु. एस. म्हणजे अंकल सॅम असं म्हणत कॅडेटनी त्याचं बारसं केलं, सॅम ग्रँट.

अकादमीत त्याने फार दिवे लावले नाहीत. गणित सोपं जायचं, पण कवायतीचा कंटाळा आणि वाचनालयातल्या कादंबऱ्यांवर जीव. संसदेत अकादमी बंद करावी अशी चर्चा चालली होती, तेव्हा ती खरंच बंद व्हावी अशी तो मनातून वाट बघत होता. १८४३ मध्ये ३९ जणांत २१ वा येऊन तो बाहेर पडला. वर्गातला सगळ्यात उत्तम घोडेस्वार असूनही नेमणूक मिळाली पायदळात.

मग मेक्सिकोचं युद्ध आलं. तरुण ग्रँट तिथं लढला आणि हेमरही स्वयंसेवक फौजेचे जनरल म्हणून त्याच युद्धात होते. डिसेंबर १८४६ मध्ये हेमर तिथंच आजारपणात वारले. आपल्या सहीने कुणाला दार उघडलं, हे त्यांना कधीच कळलं नाही.

कळण्यासारखं तेव्हा काही घडलंही नव्हतं. १८५४ मध्ये ग्रँटने लष्कर सोडलं. बायकापोरांपासून लांब एकटेपणा, दारूबद्दलच्या वावड्या, मग मिसूरीत तोट्यातली शेती, सेंट लुईसच्या रस्त्यावर सरपण विकणं. १८६० मध्ये तो गॅलिना गावात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला लागला. ज्या धंद्यापासून पळायचं होतं, तोच पुन्हा नशिबी आला.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. ग्रँटने वॉशिंग्टनला पत्र लिहून काम मागितलं, उत्तरच आलं नाही. शेवटी इलिनॉयच्या गव्हर्नरनी एक पलटण दिली आणि पाठोपाठ गॅलिनाचे खासदार एलिहू वॉशबर्न यांनी शिफारस करून त्याला ब्रिगेडियर जनरल केलं. पुन्हा एक खासदार, पुन्हा एक शिफारस.

पुढचं मात्र शिफारशीचं काम नव्हतं. फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनल्सनला त्याने बिनशर्त शरणागती मागितली. इंग्रजीत त्या शब्दांची आद्याक्षरंही यु. एस. आणि देशभर तेच त्याचं टोपणनाव झालं. हेमर यांची चूक आता कामाला आली होती. १८६३ मध्ये व्हिक्सबर्ग पडलं, ९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आले. १८६९ ते १८७७ ग्रँट राष्ट्राध्यक्ष होता. त्यानंतर जगाच्या सफरीवर निघालेला ग्रँट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईतही येऊन गेला.

पण त्याच दाराची दुसरी बाजूही बघायला हवी. गुलामगिरीत जन्मलेल्या हेन्री फ्लिपरला १८७३ मध्ये जॉर्जियाच्या एका खासदाराने वेस्ट पॉइंटसाठी नॉमिनेशन दिलं. सोबतच्या गोऱ्या कॅडेटनी त्याला वाळीत टाकलं, तरी तो १८७७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. तिथून पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय. ज्याला जायचं नव्हतं त्या ग्रँटला एका सहीवर प्रवेश मिळाला. ज्यांना जायचं होतं अशा किती मुलांना सही करणारा खासदारच भेटला नसेल?

१८८४ मध्ये भागीदाराच्या फसवणुकीत ग्रँटचं दिवाळं निघालं, पाठोपाठ घशाचा कॅन्सर झाला. बायकोच्या हाती काहीतरी राहावं म्हणून वेदना सोसत त्याने आत्मचरित्र लिहून काढलं. ते पूर्ण झालं आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ ला तो गेला.

आज अमेरिकेच्या ५० डॉलरच्या नोटेवर त्याचा फोटो आहे. खाली नाव लिहिलंय ग्रँट. पण जगाला ठाऊक असलेल्या यु. एस. ग्रँट या नावातला एस मात्र त्याचा कधीच नव्हता. तो घाईत असलेल्या एका खासदाराचा होता.