गाडीच्या एसीत गॅस आला कुठून? थॉमस मिजली यांची गोष्ट

गाडीचा एसी थंड करेनासा झाला की बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येतं: गॅस संपलाय, भरून टाकू. मला हे निदान कायम खटकतं. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला, म्हणजे कुठून तरी गळतोय. आणि गळलेला गॅस हवेत जाऊन काय करतो, हे समजून घ्यायचं तर थॉमस मिजली या माणसाचं आयुष्य बघावं, असं मला वाटतं.

दोष शोधणारा इंजिनिअर

मिजली यांचा जन्म १८८९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. १९१६ पासून ते डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करू लागले. तेव्हा इंजिनात जोर दिला की टकटक आवाज यायचा आणि त्याचं खापर केटरिंग यांच्या इग्निशन यंत्रणेवर फुटायचं. मिजली यांनी सिलिंडरमधला दाब मोजला आणि दाखवून दिलं की दोष इंधनाचा आहे.

इंधनात लाल रंग घातला तर टकटक थांबेल, असा एक अंदाज होता. हाताशी आयोडीन होतं, ते घातलं. टकटक कमी झाली! पण मिजली तिथे थांबले नाहीत. त्यांनी दुसरे लाल रंग घालून पाहिले, तर काहीच फरक पडेना. म्हणजे काम रंगाचं नव्हतं, आयोडीनचं होतं. उपाय लागू पडला तरी कारण तपासायचं, ही खऱ्या मेकॅनिकची सवय. मला तर त्यांच्यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

पुढे १९२१ मध्ये त्यांना शिशाचं एक संयुग सापडलं. ते थोडंसं घातलं तरी टकटक बंद. पण शिसं विषारी असतं, हे तेव्हाही माहीत होतं. १९२३ मध्ये शिशाच्या त्रासामुळे खुद्द मिजली यांना कामातून विश्रांती घ्यावी लागली. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार दगावले. तरीही मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. भारतात शिसंयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं, तर सगळ्या जगात २०२१.

मेणबत्ती विझवणारा गॅस

त्या काळच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू असायचे. नळी फुटली तर घरातल्या माणसांच्या जिवावर बेतायचं. मिजली यांनी आल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनॅरी यांच्यासोबत यावर उपाय शोधला: क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजेच आपण ज्याला फ्रिऑन म्हणतो तो. १९३० मध्ये त्यांनी शास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. एका फुंकरीत दोन गोष्टी सिद्ध: विषारी नाही, पेट घेत नाही.

लोक बसलेल्या डब्यात थंडाव्याची यंत्रणा बसवायची, तर असाच वायू हवा होता. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी बसवून दिला. गंमत म्हणजे त्या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून हाताने पट्टा काढावा लागे!

१९४० मध्येच मिजली यांना पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावं म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांचं एक साधन बनवलं. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा अडकून त्यांचा अंत झाला. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

त्यांचा गॅस मात्र गाड्यांमधून आणि फ्रिजमधून गळत राहिला. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवलं की तो वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि जुना आर-१२ टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला. शिशाचा धोका मिजली यांना दिसत होता. ओझोनचा तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलू नयेत, असं माझं मत आहे.

तुमच्या गाडीचं काय?

आजच्या आर-१३४ए मुळे ओझोनला धोका नाही, पण एक किलो गळला तर तो एक हजार किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. शिवाय कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबतच फिरतं. गॅस कमी झाला की तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होऊ शकतो. म्हणून मी हा क्रम सांगेन:

१. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून बसतो का बघा. बसत नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि वायरिंग तपासा. गॅस फार कमी असेल तर प्रेशर स्विचही क्लच बसू देत नाही.

२. दोन्ही बाजूंचा दाब गेजवर बघा. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली असेल, तर कॉम्प्रेसरवर संशय घ्या.

३. दोन्ही बाजू कमी असतील तर बहुतेक वेळा गळती असते. चमकणारा रंग सोडून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली सांधे, कंडेन्सर आणि कॉम्प्रेसरचं सील तपासायला सांगा.

४. कॉम्प्रेसर बदलला तर ड्रायरही बदला. नळ्या साफ करून, व्हॅक्यूम करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरून घ्या.

नुसता गॅस भरला तरी गार वारा येतोच. मिजली यांचेही दोन्ही उपाय लागू पडलेच होते. म्हणून पुढच्या वेळी पैसे देण्याआधी एवढंच विचारा: गेलेला गॅस गेला कुठे?